फिल नाइट : दुसऱ्या फळीतला धावपटू आणि सोळा वर्षांची पैशांची ओढाताण

पंधराशेमीटर

शनिवार-रविवार सकाळी मी तालुक्याच्या मैदानावर शाळकरी मुलांचा धावण्याचा सराव घेतो. गेल्या रविवारी आठवीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, नाइकी काढणारा माणूस स्वतः पळायचा का?" पळायचा, म्हटलं. "मग ऑलिंपिकला गेलेला?" नाही. मुलाचा चेहरा पडला. त्याला सगळं सांगायला तेव्हा वेळ नव्हता, म्हणून इथे मंचावर धागा काढून लिहितोय. मी विद्यापीठाकडून १५०० मीटर पळायचो आणि आता एका कारखान्याच्या हिशेब विभागात काम करतो. त्यामुळे या माणसाच्या आयुष्यातल्या दोन्ही बाजू मला जवळच्या वाटतात.

फिल नाइटचा जन्म २४ फेब्रुवारी १९३८ चा, अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडचा. वडील आधी वकील, मग 'ओरेगॉन जर्नल' दैनिकाचे प्रकाशक. सुट्टीत त्यांच्या पेपरात काम मागितलं तर ते नाही म्हणाले, तुझं काम तू शोध. पोरगा थेट प्रतिस्पर्धी 'ओरेगॉनियन' दैनिकात गेला. रात्रपाळीत खेळांचे निकाल जुळवायचे आणि पाळी संपली की सकाळी सात मैल, म्हणजे सव्वाअकरा किलोमीटर, पळत घर गाठायचं.

पुढे युजीनच्या ओरेगॉन विद्यापीठात पत्रकारितेला प्रवेश. तिथे प्रशिक्षक होते बिल बॉवरमन. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या डोंगरात लढून आलेला, कमी बोलणारा माणूस. नाइटची मैलाची वेळ सव्वाचार मिनिटांच्या आत. कुठल्याही कॉलेजात अशा मुलाला डोक्यावर घेतील. पण या कॉलेजात जिम बेली नावाचा ऑस्ट्रेलियन विद्यार्थी होता, ज्याने मे १९५६ मध्ये लॉस एंजेलिसला मैलाचा विश्वविक्रम नावावर असलेल्या जॉन लँडीला हरवून मैल चार मिनिटांच्या आत पूर्ण केला. अमेरिकेच्या भूमीवर ते पहिल्यांदाच घडलं. शेजारच्या लेनमध्ये अशी माणसं असली की सव्वाचारचा मुलगा आपोआप दुसऱ्या फळीत जातो. ज्यांनी हे सोसलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. तुम्ही चांगले असता, सराव सगळ्यांइतकाच करता, आणि शेवटच्या लॅपला समोरची पाठ दूर जाताना बघता.

बॉवरमनना बुटांचं वेड होतं. स्वतः चांभारकाम शिकून ते मुलांसाठी बूट शिवायचे. त्यांचा हिशेब मला फार आवडतो. सहा फुटांचं पाऊल धरलं तर मैलात ८८० पावलं पडतात. बुटातून एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम, कमी केलं की मैलभरात ५५ पौंड उचलायचे वाचले. किलोत सांगायचं तर जवळपास पंचवीस. या प्रयोगांसाठी पाय कोणाचे घ्यायचे? पहिल्या फळीतल्या धावपटूची शर्यत बिघडवून चालणार नव्हतं. नाइटचे पाय घेतले. त्याला निवडण्यामागचं हे कारण नाइटने स्वतःच सांगितलं आहे.

१९५९ ला पदवी, वर्षभर लष्करात, मग स्टॅनफर्डला एमबीए. तिथे लघुउद्योगाच्या वर्गात निबंध लिहायचा होता. त्याने विषय घेतला तो असा : जपानी कॅमेऱ्यांनी जर्मन कॅमेऱ्यांचं जे केलं, ते जपानी खेळाचे बूट जर्मन बुटांचं करू शकतील का? त्या काळात अमेरिकेतल्या मैदानांवर आदिदास आणि पूमाचं राज्य होतं. वर्गातल्या बाकीच्यांना निबंधात फार रस वाटला नाही. पण याच्या डोक्यातून विषय जाईना. १९६२ च्या नोव्हेंबरात जगप्रवासाला निघालेला हा मुलगा कोबेला उतरला आणि ओनित्सुका कंपनीच्या बैठकीत जाऊन बसला. 'टायगर' बूट त्यांचे. त्यांनी विचारलं, तुम्ही कोणत्या कंपनीचे? कंपनी नव्हतीच. त्याने जागच्या जागी 'ब्लू रिबन स्पोर्ट्स' असं नाव सांगितलं. ते खोटं होतं, आणि मी मुलांना ते खोटंच म्हणून सांगणार आहे.

नमुने यायला वर्षाहून जास्त काळ गेला. आल्यावर दोन जोड त्याने बॉवरमनना पाठवले. अपेक्षा एवढीच की सर मुलांसाठी काही जोड घेतील. सर म्हणाले, मला भागीदार कर. २५ जानेवारी १९६४ ला हस्तांदोलन झालं, दोघांचे पाचशे-पाचशे डॉलर. पहिली मागणी ३०० जोडांची. हिरव्या प्लायमाउथ व्हॅलियंट गाडीच्या डिकीत बूट भरून तो वायव्येकडच्या शर्यतींना जायचा आणि मैदानाच्या कडेला विकायचा. पहिल्या वर्षाची विक्री ८,००० डॉलर.

सगळीकडे गोष्ट इथपर्यंतच सांगतात. डिकीतले बूट, मग एकदम अब्जाधीश. माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढची सोळा वर्षं आहे आणि ती सगळी रोकडीची आहे.

बघा कसं होतं ते. बूट जपानहून समुद्रमार्गे येणार. मागणी देताना पैशांची हमी हवी, म्हणजे बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट. माल यायला महिने, दुकानदाराकडून वसुलीला आणखी महिने. तोवर पुढची मागणी द्यायची वेळ येते आणि ती आधीच्या दुप्पट असते, कारण माल खपतोय. म्हणजे जे मिळालं ते सगळं पुढच्या मागणीत आणि वर नवं कर्ज. नफा-तोटा पत्रक उत्तम, खात्यात खडखडाट. बँकेचा साहेब म्हणायचा, वाढ कमी करा, तुमचं स्वतःचं भांडवल कुठे आहे? नाइटचं उत्तर, खपणारा माल कमी का मागवू? या वादात बँकेचंही चुकत नव्हतं. मी हिशेबाच्या टेबलावर बसतो, अशी पत्रकं पाहिली की माझ्याही पोटात गोळा येतो.

म्हणून १९६९ पर्यंत तो दुसरी नोकरी करत राहिला. आधी हिशेब तपासणीच्या फर्ममध्ये, मग पोर्टलंड स्टेट विद्यापीठात लेखाशास्त्राचा प्राध्यापक. तिथेच पेनी पार्क्स विद्यार्थिनी होती. १९६८ मध्ये त्यांचं लग्न झालं.

१९७१ मध्ये ओनित्सुकाशी फाटलं. दोन्हीकडून दावे. निकाल लागला १९७४ मध्ये. बॉवरमनच्या कल्पनेतून आलेला 'कॉर्टेझ' बूट दोघांनाही विकता येणार होता, पण ते नाव नाइटकडे राहिलं. तोवर स्वतःचा ब्रँड उभा राहिला होता. 'नाइकी' हे ग्रीक विजयदेवतेचं नाव सुचलं ते पहिला पूर्णवेळ कर्मचारी जेफ जॉन्सनला, स्वप्नात. नाइटला हवं होतं 'डायमेन्शन सिक्स'. बरोबरच्या खुणेसारखं दिसणारं ते सुप्रसिद्ध चिन्ह काढलं कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने. वॅफल या खाचाखाचांच्या खाद्यपदार्थाच्या साच्यात रबर ओतून तळ बनवायची कल्पना बॉवरमनची. आता पाहा, बूट नाइटने घडवला नाही, नाव त्याचं नाही, चित्र त्याचं नाही. त्याने केलं काय? आपल्यापेक्षा चांगल्या माणसांच्या मध्ये उभं राहून त्याने पैसा संपू दिला नाही. दुसऱ्या फळीत पळालेल्या माणसाला हे जमतं असं मला वाटतं, कारण आपल्यापेक्षा कोण सरस आहे हे कबूल करायची त्याला सवय झालेली असते.

१९७५ मध्ये बँकेने हात वर केले आणि खातं बंद केलं. तेव्हा निशो इवाई या जपानी व्यापारी कंपनीने बँकेचं सगळं देणं चुकतं केलं. ती कंपनी मागे उभी नसती तर आज हा धागा निघाला नसता. त्यातून वर येतात तोच सीमाशुल्क खात्याचा अडीच कोटी डॉलरचा दावा. शुल्क बुटाच्या आयात किमतीवर न लावता अमेरिकेत बनणाऱ्या तशाच बुटाच्या विक्री किमतीवर लावायचं, असा जुना नियम उकरून काढला होता. तो ९० लाख डॉलरवर मिटला आणि २ डिसेंबर १९८० ला कंपनी शेअर बाजारात आली. तोवर हा माणूस बेचाळीस वर्षांचा झाला होता.

मायकेल जॉर्डन, जाहिराती वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थांबतो. जाणकारांनी भर घालावी.

नोंदवही

फार आवडलं. एक भर. बॉवरमनचा पहिला बूट आपण घातला असं सांगणारा आणखी एक माणूस आहे, ओटिस डेव्हिस. अलाबामाचा हा खेळाडू ओरेगॉनला आला बास्केटबॉलसाठी, बॉवरमनकडे वळला आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर ४४.९ सेकंदांत जिंकला, विश्वविक्रमासह.

ती शर्यत कोणती ते लक्षात आलं का? मिल्खासिंग चौथे आले ती. डेव्हिस आणि जर्मनीचा कार्ल कॉफमन यांची वेळ एकच नोंदली गेली, तिसरा माल्कम स्पेन्स ४५.५, मिल्खासिंग ४५.६. आपण लहानपणापासून त्या एक दशांश सेकंदाची गोष्ट ऐकतो, पण त्या दिवशी सगळ्यात पुढे कोण होता हे सहसा कोणी सांगत नाही. तो युजीनच्या त्याच ट्रॅकवर घडलेला मुलगा होता.

पंधराशेमीटर

नोंदवही, हे वाचून अंगावर काटा आला. मला हे दोन धागे जोडताच आले नव्हते. रविवारी मुलांना सांगतो.

जमाखर्च

पेशाने सीए आहे, म्हणून रोकडीच्या भागात थोडी भर. सत्तरच्या दशकात नाइटने दुकानदारांसाठी 'फ्यूचर्स' नावाची पद्धत काढली. दुकानदाराने सहा महिने आधी मागणी नोंदवायची, ती रद्द करता येणार नाही. बदल्यात माल ठरल्या वेळी मिळायची हमी आणि सात टक्क्यांपर्यंत सूट.

वरवर ही विक्रीची योजना वाटते. तिचा खरा उपयोग कर्जासाठी झाला. हातात पक्क्या मागण्यांचा गठ्ठा असला की तो दाखवून पैसा उभा करता येतो, आणि कोणते बूट किती बनवायचे याचा अंदाज बांधावा लागत नाही. न खपलेला माल हा बुटांच्या धंद्यातला सगळ्यात मोठा खड्डा. प्रत्येक नमुना दहा-बारा मापांत ठेवावा लागतो, आणि मधली मापं संपली की कडेची मापं कोणी घेत नाही.

दुसरं, भागभांडवल बाजारात आणायला तो वर्षानुवर्षं का टाळत होता? कंपनी हातातून जाईल या भीतीने. तोडगा निघाला तो दोन प्रकारच्या शेअर्सचा. जनतेला 'ब' वर्ग, स्वतःकडे 'अ' वर्ग, आणि संचालक मंडळातले बहुसंख्य निवडायचा हक्क 'अ' वर्गाला. पैसा आला आणि लगामही हातात राहिला. सुरुवातीची भागीदारीसुद्धा बॉवरमननी स्वतःहून ५१-४९ अशी करायला सांगितली, ५१ नाइटचे. रोजचा कारभार तू बघणार, तर निर्णयही तुझाच असू दे. आपल्याकडे सख्ख्या भावांत निम्मे-निम्मे ठेवून बंद पडलेले धंदे मी पाहिलेत, म्हणून बॉवरमनचं हे शहाणपण मला मोठं वाटतं.

ओरेगॉनवासी

मी हिल्सबरोला राहते. इथे चिपच्या कारखान्यांमुळे आपली बरीच मराठी कुटुंबं आहेत, आणि नाइकीचं मुख्यालय बीव्हर्टनला, इथून जवळच.

जुलै २०२२ मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा युजीनला झाली, अमेरिकेत पहिल्यांदाच. हेवर्ड फील्ड, म्हणजे तिथल्या विद्यापीठाचं मैदान, तेव्हा नुकतंच नव्याने बांधलेलं होतं. त्याचा मोठा खर्च नाइट कुटुंबाने उचलला. जुना लाकडी स्टँड १९२५ चा होता, तो २०१८ मध्ये पाडला तेव्हा इथली जुनी माणसं हळहळली होती. नव्या मनोऱ्यावर बॉवरमन आहेत, त्यांचा शिष्य धावपटू स्टीव्ह प्रीफाँटेन आहे आणि वर नोंदवही यांनी सांगितलेले ओटिस डेव्हिसही आहेत.

आम्ही चार कुटुंबं दोन तास गाडी चालवून गेलो ती अविनाश साबळेची ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी बघायला. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा मुलगा त्या ट्रॅकवर! शर्यत सुरुवातीला फार संथ झाली, शेवटी मोरोक्कोच्या एल बक्कालीने वेग वाढवला आणि अविनाश अकरावा आला. आम्ही ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. शेजारी बसलेल्या पांढऱ्या केसांच्या आजोबांनी विचारलं, तुमचा मुलगा कुठला? बीड कुठे आहे ते मी त्यांना फोनवर नकाशा काढून दाखवलं. पाच दिवसांनी त्याच मैदानावर नीरज चोप्राने ८८.१३ मीटर भाला फेकून रौप्य मिळवलं, ते मात्र घरून पाहिलं.

युजीनचा प्रेक्षक वेगळा आहे हे खरं. सराव म्हणून पळणाऱ्या कॉलेजच्या मुलांनाही लोक नावाने हाक मारतात. नाइटसारखा माणूस तिथे घडला यात मला नवल वाटत नाही.

पाऊसवेडी

धागा छान आहे, पण एक भाग सुटलाय आणि तो छोटा नाही.

बूट जपानमध्ये महाग पडायला लागले तेव्हा काम दक्षिण कोरिया आणि तैवानला गेलं. तिथली मजुरी वाढली तेव्हा इंडोनेशिया, चीन, व्हिएतनामला. ८८० पावलांचा हिशेब मांडणारी ही माणसं बूट शिवणाऱ्या मुलीच्या दिवसाचा हिशेब कितीतरी वर्षं मांडत नव्हती. विचारलं की उत्तर एकच, कारखाने आमचे नाहीत, आम्ही फक्त माल घेतो. १९९६ मध्ये सियालकोटला फुटबॉल शिवणाऱ्या लहान मुलाचा फोटो अमेरिकी मासिकात छापून आला. १९९७ मध्ये व्हिएतनाममधल्या एका कारखान्याचा अंतर्गत तपासणी अहवाल बाहेर फुटला. तळ चिकटवायच्या द्रावणातल्या टोल्यूइन या घातक रसायनाची वाफ आणि कामगारांचे श्वसनाचे त्रास, सगळं त्यात होतं.

मी सहा वर्षं तयार कपड्यांच्या निर्यातीच्या एका कारखान्यात दर्जा तपासायचे. परदेशी ग्राहकाची माणसं यायची असली की आदल्या दिवशी जिन्यातले खोके हलायचे, आणीबाणीच्या दाराचं कुलूप निघायचं, मुलींना काय बोलायचं ते सांगितलं जायचं. माणसं गेली की तिसऱ्या दिवशी खोके परत जिन्यात. ग्राहक आमच्या दरातून प्रत्येक नगामागे पैसे-पैसे कापायचा आणि त्याच कागदावर कामगार कल्याणाची अटही घालायचा. हे दोन्ही एकाच दरात कसं बसवायचं, ते आमच्यावर सोडलेलं.

म्हणून 'पैसा संपू दिला नाही' हे वाक्य वाचताना मला पुढचा प्रश्न पडतो, की तो वाचवला कुणाच्या ताटातून?

पंधराशेमीटर

पाऊसवेडी, तुमचं बरोबर आहे. मी १९८० ला थांबलो ते सोयीचं होतं.

मे १९९८ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये नाइट स्वतः बोलला. नाइकीचा माल म्हणजे गुलामीची मजुरी, सक्तीचा जादा वेळ आणि मनमानी छळ असं समीकरण झालं आहे, हे त्याने आपल्या तोंडाने मान्य केलं. बुटांच्या कारखान्यात किमान वय अठरा, हवेचा दर्जा अमेरिकेच्या नियमांप्रमाणे, अशा गोष्टी जाहीर केल्या. २००५ मध्ये कंपनीने आपल्या कंत्राटी कारखान्यांची यादी उघड केली. या व्यवसायात ते आधी कोणी केलेलं नव्हतं.

पण हे सगळं वर्षानुवर्षांच्या निदर्शनांनंतर आणि खप घसरल्यावर झालं. स्वतःहून झालं असतं तर मी त्याला मानलं असतं. शिवाय त्या भाषणात मजुरी किती वाढवणार याचं ठोस उत्तर नव्हतं, हे तेव्हाच लोकांनी दाखवून दिलं होतं. कॅरोलिन डेव्हिडसनचंही तसंच. ताशी दोन डॉलर दराने तिला एकूण ३५ डॉलर मिळाले. १९८३ मध्ये तिला समारंभाने अंगठी आणि शेअर्स दिले, तो भाग सगळे आवडीने सांगतात. शेअर्स दिले हे चांगलं केलं. व्हिएतनामच्या त्या मुलींना मात्र कोणी बोलावून अंगठी दिली नाही.

कृष्णाकाठ

मी सांगली जिल्ह्यातला. कॉलेजकडून कबड्डी खेळलो, दोनदा विद्यापीठाच्या संघात होतो. गेली नऊ वर्षं खेळाचे कपडे शिवतो. चार ओव्हरलॉक आणि दोन फ्लॅटलॉक शिलाई मशिनं, कापडावर छपाईसाठी एक सब्लिमेशनचा प्रिंटर आणि एक हीट प्रेस. सात माणसं कामाला, त्यातल्या पाच बायका. म्हणून हा धागा दोनदा वाचला.

सुरुवात कशी झाली सांगतो. आमच्या वेळी संघाला मिळायची ती जर्सी पहिल्या झटापटीत बगलेत उसवायची. चढाई करून आलं की हात वर करून शिवण बघायची सवयच लागलेली. कापड बरं असायचं पण शिवण साधी, आणि कबड्डीत ओढ पडते ती नेमकी खांद्यापासून बगलेपर्यंत. कॉलेज संपल्यावर मामाच्या शिलाई मशिनवर मी बगलेत वेगळा तुकडा घालून बारा जर्सी शिवल्या आणि आमच्याच मंडळाला दिल्या. मोसम संपेपर्यंत एकही उसवली नाही. तिथून पुढे गावोगावची मंडळं विचारत आली.

म्हणून मला नाइटपेक्षा केविन प्लँक जवळचा वाटतो, अंडर आर्मरवाला. मेरीलँड विद्यापीठात अमेरिकन फुटबॉल खेळायचा, तोही पहिल्या फळीतला नव्हे. संरक्षक साहित्याच्या आतला सुती टी-शर्ट घामाने भिजून जड व्हायचा, याचा त्याला वैताग. बायकांच्या अंतर्वस्त्रांचं ताणणारं कापड शोधून त्याने नमुने शिवून घेतले आणि १९९६ मध्ये वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनमधल्या आजीच्या घरातून धंदा सुरू केला. पहिल्या वर्षाची विक्री १७,००० डॉलर. गिऱ्हाईक कोण, तर आपल्याबरोबर खेळलेले आणि पुढे व्यावसायिक संघांत गेलेले मित्र. माझंही तेच. मी ज्यांच्या पायाला धरलं आणि ज्यांनी मला आपटलं, तीच माझी पहिली गिऱ्हाइकं.

आता रोकड. पंधराशेमीटर यांनी लिहिलंय ते अक्षरशः माझं आहे. गणपतीनंतर स्पर्धा सुरू होतात त्या उन्हाळ्यापर्यंत. कापडवाला सुरतेचा, त्याला माल उचलताना पैसे. मंडळं म्हणतात स्पर्धा झाली की देतो. स्पर्धा झाल्यावर मंडप, भोंगा, पंच, जेवण, सगळ्यांचे देऊन झाले की जर्सीवाला. एका वर्षी एका मंडळाने बक्षीस समारंभ पुढे गेला म्हणून चाळीस जर्सी उचलल्याच नाहीत. त्यांवर नावं, नंबर, देणगीदाराचा फोटो छापलेला. त्या दुसऱ्या कुणाला विकणार? पोत्यात बांधून माळ्यावर पडल्यात अजून. त्या दिवाळीत बायकोने माहेरची सोनसाखळी गहाण ठेवायला काढून दिली तेव्हा कामगारांचा पगार झाला. साखळी पुढच्या वर्षी सोडवली, पण तो दिवस विसरत नाही.

पाऊसवेडी ताई, तुमचा प्रश्न मलाही लागतो. नगावर शिलाई देतो मी. मोसमात रात्री नऊपर्यंत बायका थांबतात, जादा पैसे देतो, पण त्यांच्या घरी चूल कोण पेटवत असेल हा विचार येतो. यंदापासून रात्री सातनंतर काम बंद केलंय. दोन मागण्या सोडाव्या लागल्या.

जमाखर्च साहेब, ते फ्यूचर्स माझ्यासारख्याला कसं करता येईल? मंडळवाले आगाऊ पैसे म्हटलं की दुसरीकडे जातात.

जमाखर्च

कृष्णाकाठ, आधी एक सांगा, कुठलं मंडळ किती दिवसांनी पैसे देतं याची वही आहे का तुमच्याकडे? नसेल तर गेल्या तीन मोसमांची बिलं काढून बसा. मला खात्री वाटते की दोन-चार मंडळांतच तुमचे निम्मे पैसे अडकत असतील.

नाइटने दुकानदारांना नुसतं आगाऊ मागितलं नाही, बदल्यात काही दिलं. तुम्हीही द्या. जून-जुलैत, म्हणजे तुमच्या रिकाम्या महिन्यांत, जो निम्मे पैसे भरून मागणी देईल त्याला पाच टक्के सूट आणि ठरल्या तारखेला माल. गणपतीनंतर येणाऱ्याला सूटही नाही आणि तारखेची हमीही नाही. कापड एकदम उचलल्यामुळे सुरतेच्या व्यापाऱ्याकडूनही थोडं सुटेल, सूट तिथूनच भरून काढा. आणि नाव-नंबर छापायच्या आधी निम्मे पैसे हातात हवेतच, यात कुणाचीही भीड धरू नका. कोऱ्या जर्सीला दुसरं गिऱ्हाईक मिळतं, छापलेलीला मिळत नाही.

काम जून-जुलैत सरकलं तर सातनंतर कुणाला थांबवायची वेळही कमी येईल. वही तयार झाली की व्यक्तिगत निरोप करा, आपण बसून बघू.

कृष्णाकाठ

वही नाही. बिलं आहेत, पिशवीत. आज रात्री काढतो.

पाऊसवेडी

कृष्णाकाठ, दोन मागण्या सोडल्यात हे वाचून बरं वाटलं. माझ्या जुन्या कारखान्यात ते कधी झालं नाही. बगलेत तुकडा घातलेली जर्सी मुलींच्या मापात शिवता का? माझी भाची खो-खो खेळते. तिच्या संघाला मुलांच्याच मापाच्या मिळतात, खांदे खाली उतरतात.

कृष्णाकाठ

शिवतो ताई. वेगळा साचा काढावा लागेल. मापं पाठवा.

ओरेगॉनवासी

एक राहिलं होतं. नाइटचा मोठा मुलगा मॅथ्यू २००४ मध्ये एल साल्वाडोरला पाण्याखाली पोहताना गेला. त्याच वर्षाच्या शेवटी नाइटने मुख्य कार्यकारी पद सोडलं, अध्यक्षपद २०१६ पर्यंत ठेवलं. युजीनच्या बास्केटबॉलच्या मैदानाला मॅथ्यूचं नाव आहे. पोर्टलंडच्या कर्करोग संस्थेला नाइट दांपत्याने २०१३ मध्ये ५० कोटी डॉलर जाहीर केले होते, अट अशी की तेवढेच पैसे लोकांकडून दोन वर्षांत जमले पाहिजेत. जमले. २०२५ मध्ये त्याच संस्थेला त्यांनी आणखी दोन अब्ज जाहीर केले. माझ्या मैत्रिणीवर तिथेच उपचार झाले, म्हणून मुद्दाम लिहिलं. पाऊसवेडींनी विचारलेला प्रश्न त्यामुळे मिटत नाही, हे मलाही कळतं.

पंधराशेमीटर

आज रविवार. मुलांना सगळं सांगितलं, खोट्या कंपनीपासून व्हिएतनामपर्यंत. मिल्खासिंगच्या शर्यतीला सगळे गप्प झाले होते. आठवीतल्या त्या मुलाला मात्र ८८० पावलांनीच धरलं. सराव संपल्यावर तो सगळ्यांना घेऊन कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे गेला आणि काट्यावर एकेकाचा बूट ठेवून वजनं लिहायला लागला. मावशींनी भाजी बाजूला सारून जागा करून दिली. त्याचा स्वतःचा ३४० ग्रॅम भरला, सगळ्यात जड. वर्गातल्या एका मुलीचा २५५.

"सर, माझं पाऊल सहा फूट नाहीये," तो म्हणाला, "मग माझी पावलं किती पडतात?"

पुढच्या रविवारी फक्की आणि मोजपट्टी घेऊन जातोय.